शमाची वाटी

“पण बाई, एकच राउटर दारातही उभा राहणार आणि माजघरातही राबणार? कसं जमायचं?”

यशोधनच्या आवाजात प्रश्न कमी आणि तक्रार जास्त होती. डोंगरातल्या दवाखान्यांचं जाळं त्याने उभारलं होतं, आणि त्याचा त्याला तोराही होता. जाळ्याच्या दारातल्या राउटरने माहितीचं प्रत्येक पुडकं उघडून बघायचं, कुठे जायचं त्याचं लेबल लावायचं. आतल्याने फक्त लेबल वाचून पुढे ढकलायचं. आंबेवळण गावी मात्र दोन्ही कामांना मिळून एकच राउटर आला. सकाळपासून तो गुदमरला होता. पुढच्या खेड्यांतले एक्स-रे मोठ्या डॉक्टरांपर्यंत पोचतच नव्हते.

हिर्लेकर बाईंनी त्याला तंत्रनिकेतनात शिकवलं होतं. आता त्या अंगणात बसून वाल सोलत होत्या.

“लेबल लावून आलेली पुडकीही उघडतोस?”

“उघडतोच! माझ्या राउटरमधून जाणार, मग बघायला नको?”

बाईंनी एक टरफल सुपात टाकलं.

डाव्या गडग्यावरून, त्या दगडी कुंपणावरून, शेजारच्या इंदूवहिनींनी झाकलेली वाटी पुढे केली. “बाई, एवढी पलीकडे शमाला द्या हो. आणि ही दुसरी तुमच्या पाहुण्यांना.”

दुसरी वाटी बाईंनी यशोधनपुढे ठेवली. तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याचा हात गेला तो पहिलीच्या झाकणावर.

बाईंनी हातावर चापट मारली. “शमाची आहे ती.”

“बघत होतो नुसतं...”

“माझ्या अंगणातून जाते म्हणून माझी झाली होय रे?”

वाटी उजव्या गडग्यापलीकडे गेली. यशोधन तिच्याकडे बघत राहिला.

मग त्याने घाईघाईने आंबेवळणला आपल्या माणसाला फोन लावला. “परुळेकर, लेबल लावून आलेलं काही उघडू नका. लेबल बघा आणि सोडा पुढे. आंबेवळणच्या दवाखान्याचं तेवढं उघडा.”

दोघं वाल सोलत बसली. फोन वाजला. एक्स-रे पोचू लागले होते. यशोधनने एवढा मोठा श्वास सोडला की सुपातली टरफलं उडाली. हायसं वाटलं त्याला, अगदी हायसं. बाईंसमोर डोळे पुसायलाही तो लाजला नाही.

तेवढ्यात शमाकडून वाटी परत आली, झाकलेलीच. रिकामी वाटी परत करायची रीत नाही तिथे. बाईंनी मानेने खूण केली. यशोधनने ती उचलली आणि इंदूवहिनींच्या हातात नेऊन दिली.

“काय होतं रे त्यात?”

“ठाऊक नाही, बाई.”

“हं... मग आता तुझी उघड.”