दिवटी कुठं नाही

"अकरा सोडून बाकीच्या कुठंयत?" मी विचारलं.

चांगुणामावशी दारात बसून नाचणी पाखडत होती.

"असतील," ती म्हणाली.

"असतील म्हणजे कुठं?"

"वर."

वर म्हणजे सडा. गावाच्या डोक्यावरचं मोठं पठार, काळा कातळ आणि मधेमधे वाळलेलं गवत. मी तीन वर्षं हाच प्रश्न विचारत होते आणि तीन वर्षं मला हेच उत्तर मिळत होतं.

मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. वय शेहेचाळीस, गुडघे साठीचे. पीएचडी उशिरा झाली, त्यामुळे ती मी जरा जास्तच मिरवते. लग्नात नव्या शालूवर कोणी लक्ष दिलं नाही तर बाई जशी पदर सारखा करत फिरते, तशी.

माझी पीएचडी दिवटीवर आहे.

दिवटी म्हणजे वीतभर रोप. श्रावणात तीन आठवडे दिसतं. फूल छोट्या कंदिलासारखं. मग सगळं सुकून जातं आणि जमिनीखाली सुपारीएवढा कंद झोपून राहतो. मनात आलं तर पुढच्या श्रावणात उठतो. नाही आलं तर नाही उठत, चार-चार वर्षं. या डोंगरावर बाळंतिणीला तो कंद उगाळून देतात. खणायचा मान चांगुणामावशीचा. तिच्या आधी तिच्या सासूचा होता.

तीन श्रावण मी सड्यावर रांगले. अकरा दिवट्या सापडल्या. फोनमध्ये अकरा ठिपके.

आणि मागच्या एका वर्षात मावशीनं चौदा बाळंतिणींना कंद दिला होता. माझ्या अकरा मात्र जागच्या जागी.

म्हणजे ती लपवत होती. जाणते लोक लपवतात, असं पुस्तकांत असतं.

"मावशी, आज तरी सांग," मी म्हणाले. "दहा वाजता कुलथे साहेब येतायत. सड्यावरून रस्ता काढायचाय, कड्यावरच्या हॉटेलाला. मी दाखवीन तेवढ्या दिवट्या सोडून रस्ता वळवणार. जेवढ्या तू सांगशील तेवढ्या वाचतील."

मावशीचं सूप थांबलं.

"आन् न सांगितलेल्या?"

"त्या... नाहीत असं धरतात."

"कोन धरतं?"

"कागद."

"कागदाला हात कवापासून फुटलं?"

मी पिशवीतला कागद काढून दाखवला. त्यावर तज्ज्ञाची सही लागणार होती. तज्ज्ञ मीच. खालची ओळ मी तिला वाचून दाखवली, 'उर्वरित क्षेत्रात सदर वनस्पती आढळत नाही.' त्या ओळीखाली माझ्या नावासाठी ठिपक्यांची रेघ होती. खोटं कशाला बोलू, ती रेघ बघून मला बरं वाटलं होतं.

मावशीनं कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"चल," ती म्हणाली. "दिवटीला वाचवायची म्हंजे लवकर निघाय पायजे. तुला चढाला येळ लागतो."

कुलथे साहेब आमच्या आधी पोचले होते. डोक्याला रुमाल, खांद्यावर चुन्याची अर्धी गोणी, हातात डबा. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या त्यानं मावशीला दोनदा पाणी विचारलं. मला एकदाच.

मी फोन काढला आणि ठिपक्यांमागं निघाले. वैशाखाचं ऊन, करपलेलं गवत.

"इथं तर काहीच नाही, मॅडम."

"खाली आहे."

त्यानं विश्वास ठेवला. ताटाएवढं चुन्याचं कडं टाकलं. मग दुसरं. अर्ध्या तासात अकरा कडी झाली.

"झालं की!" तो खूश झाला. "अकरा वाचल्या. रस्ता या अंगानं घेऊ. आता उरलेल्या जागेत नाही, एवढी सही करा."

मी पेनाचं टोपण काढलं.

"सायेब," मावशी म्हणाली, "हितं बी टाका."

काठीचं टोक एका गवताच्या पुंजक्यावर होतं. साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. त्यानं कडं टाकलं.

"हितं बी."

टाकलं.

"आन् हितं. आन् ह्या अंगाला."

मावशी पुढं, साहेब मागं. बारा, पंधरा, बावीस. गोणी सपाट होत चालली. साहेबाच्या पँटला गुडघ्यापर्यंत चुना.

"आजी, अजून किती?"

"चुना किती हाय?"

मग मावशीनं काठी उघड्या कातळावर ठेवली. काळाभोर कातळ, तव्यासारखा तापलेला.

"हितं."

आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. तिला वेळकाळ नसतो. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती अळूला अळू म्हणू देत नाही.

"मावशी, तो कातळ आहे," मी म्हणाले. "तिथं कशी असेल?"

साहेबाचा हात थांबला.



"म्हणजे मॅडम," साहेब सावकाश म्हणाला, "आजींच्या या खुणा... अशाच आहेत?"

तेव्हा मला कळलं, मी काय केलं ते. एका वाक्यात मी मावशीची सगळी कडी पुसली होती. उरल्या अकरा. म्हणजे माझ्या.

मावशी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं साहेबाच्या हातातला डबा घेतला आणि माझ्या हातात दिला.

"तू टाक आता."

"कुठं?"

"जितं न्हाई तितं."

"म्हणजे?"

"आगं, आमी अडाणी. आमी हाय तितं टाकला. तू शिकलेली. जितं दिवटी न्हाईच, तितं टाक. एकच कडं. मंग कर सही, मी अंगठा देते."

एवढंच ना, मी म्हटलं मनात. डबा घेऊन थेट कातळावर गेले आणि वाकले.

कातळात एक भेग होती. नखाएवढी. भेगेत माती.

मी सरकले. वारुळाजवळ गेले. वारुळाची माती भुसभुशीत. करवंदीच्या जाळीशी गेले. जाळीखाली मी कधी रांगले नव्हते, काटे लागतात म्हणून.

"टाक की," मावशी म्हणाली.

"मावशी, खरं सांग. तू कंद कुठून खणतेस?"

"दिसंल तितनं. श्रावनात. औंदा हितं, पुढच्या वर्साला तितं."

"आणि मग डोळा परत देतेस?"

डोळा म्हणजे कंदाचं शेंड्याकडचं टोक, जिथून कोंब फुटतो. तेवढं कापून मातीला परत द्यायचं. हे मला माहीत होतं. माझ्या प्रबंधात आहे, आकृतीसह.

"द्यायलाच लागतो."

"त्याच खड्ड्यात?"

"छ्या! त्याच खड्ड्यात दिला तर जागा कळंल की."

"कुणाला?"

"मलाच! मंग पुढच्या वर्साला मीच येऊन बसंल तितं कुदळी घिऊन. आळशी म्हातारी." ती हसली. "आसं न्हाई. डोळा मुठीत धरायचा आन् चालाय लागायचं. मनात दुसरंच कायतरी आनायचं. भांडान, गानं, कायबी. चालता चालता मूठ सोडायची. पडंल तितं टाचंनं दाबायचं आन् पुढं जायाचं. वळून बगायचं न्हाई. पावलं मोजायची न्हाईत. कुनाला सांगायचं न्हाई, सोताला बी न्हाई."

"सासूबाईंनीही..."

"त्यांनी न्हाई बगितलं. त्यांच्या सासूनं न्हाई बगितलं. एक व्हती म्हनं, तिनं बगितलं वळून. तिच्या हातचा कंद कुनी घेतला न्हाई परत."

"म्हणजे तुलासुद्धा माहीत नाही? कुठंयत ते?"

"मंग मी तीन वर्सं काय सांगतिया तुला?" मावशी म्हणाली. "असतील."

तिला विचारलं त्या प्रत्येक दिवसापुढं माझ्या वहीत एक वाक्य आहे, सुवाच्य अक्षरात. 'माहितगार व्यक्तीने माहिती देण्यास नकार दिला.'

बाई तीन वर्षं खरं बोलत होती आणि मी तिच्या नावावर नकार लिहीत होते.

मी सड्याकडं पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. किती सासवा, किती श्रावण, किती मुठी सुटल्या असतील इथं, भांडणाच्या नाही तर गाण्याच्या नादात. हातात चुन्याचा डबा होता आणि एवढ्या मोठ्या सड्यावर मला एक कडं टाकता येईना.

साहेबानं घड्याळ बघितलं.

"मॅडम, एवढा विचार करायचा नसतो. दिसत नाही म्हणजे नाही. नियमच तसा आहे."

"सायेब," मावशीनं विचारलं, "आत्ता पाऊस दिसतोय का वो कुठं?"

"वैशाखात कुठला पाऊस, आजी?"

"मंग घरी जाऊन छत्री इका."

साहेब हसला. मग हसायचं थांबला.

मी डबा खाली ठेवला. कागद मांडीवर घेतला. 'उर्वरित क्षेत्रात सदर वनस्पती आढळत नाही', या ओळीवर एक आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'माहीत नाही.' सही केली. सहीखाली पदवी पण घातली, सगळी. सवय.

साहेबानं वाचलं. दोनदा वाचलं.

"मॅडम, तज्ज्ञानं 'माहीत नाही' लिहायचं नसतं."

"मग काय लिहायचं?"

"काहीही लिहा. पण माहीत असल्यासारखं."

"तसं पुष्कळ लिहून झालंय माझं."

"यावर फाईल पुढं सरकायची नाही."

"मग बसू दे इथंच. वारा छान आहे."

हे मी बोलले. माझा विश्वास बसेना.  

"अहो, तुमच्या कॉलेजला पत्र जाईल," साहेब काकुळतीला आला. "पुन्हा कुठल्या कामाला तुम्हाला कोणी बोलावणार नाही. मी तुमच्या भल्याचं सांगतोय. नवा कागद आहे माझ्याकडं. फाडून टाकू हा?"

त्यानं खरंच दुसरा कोरा कागद काढला. तीच ओळ, तीच ठिपक्यांची रेघ.

मी तोही घेतला. त्यावरही लिहिलं, 'माहीत नाही.' सही केली.

"अजून आहेत?" मी विचारलं.

साहेबानं दोन्ही कागद घडी करून खिशात घातले. रिकामी गोणी झटकली.

"बघा बुवा," तो म्हणाला. "दुसरा तज्ज्ञ आणतील. मोठा माणूस असतो तो. त्याला माहीत असतं."

मावशीनं त्याला जाताना ओंजळभर करवंदं दिली. नको नको म्हणत त्यानं घेतली आणि खात खात उतरून गेला.

आम्ही दोघी उरलो. सड्यावर पांढरी कडीच कडी. माझी कुठली आणि तिची कुठली, ते आता मलाही सांगता आलं नसतं.

मी वाट बघत बसले. शाबासकीची. वय कितीही झालं तरी ती हवीच असते.

मावशी जाळीतली करवंदं काढत राहिली...

"मावशी, बरोबर केलं ना मी?"

तिनं एक करवंद तोंडात टाकलं. बी थुंकली.

मला नोकरी दिसायला लागली. प्राचार्यांचं तोंड दिसायला लागलं. त्याहून वाईट म्हणजे तो दुसरा दिसायला लागला. पांढरा शर्ट, भारी पेन. एका सहीत सगळा सडा रिकामा करणारा.

"तो येईल गं," मी म्हणाले. "आठ दिवसांत येईल. इथं मधोमध उभा राहील आणि म्हणेल, इथं काही नाही. माझ्यासारखा अडखळायचा नाही तो. त्याला काय सांगायचं?"

मावशीनं उरलेली करवंदं माझ्या ओंजळीत ओतली. काठी उचलली.

"सांगायचं काय त्यात?" ती म्हणाली. "म्हनावं, सायेब, जरा पाय उचला."