चिंचेवरच्या दोन ढोल्या

जंगलात निरोप्या नव्हता तेव्हाची गोष्ट. खार दिवसा जागी, घुबडीण रात्री. एकदा गाठ पडली तेव्हा ठरलं, घुबडिणीच्या चिंचेवर ढोली करून घ्यायची आणि निरोप तिच्यात ठेवायचे.

खारीने सुतारपक्ष्याला हाक मारली, "चिंचेवर ढोली कोर, मुठीएवढी!" उत्तर नाही. तिने पुन्हा तेच ओरडून सांगितलं.

एका दुपारी झाडाखाली सापाची ताजी कात दिसली. घुबडिणीच्या अंड्याला धोका आहे हे तिला कळावं म्हणून खारीने ती ढोलीत ठेवली. रात्री घुबडिणीने ढोली पाहिली, तर रिकामी! ती निर्धास्त शिकारीला गेली. सकाळी घरट्यात अंडं नव्हतं.

खार बुचकळ्यात पडली. खोडाला वळसा घालते तो पलीकडे दुसरी ढोली!

"दोन कशाला रे कोरल्यास?" तिने सुतारपक्ष्याला गाठून विचारलं.

"दोनदा सांगितलंस म्हणून."

"मग पहिल्यांदाच हो म्हणायचं होतंस!"

"तेव्हा चोच लाकडात होती," सुतारपक्षी खजील होऊन म्हणाला.

तेव्हापासून तो कोरण्याआधी खोडावर टकटक करतो. ऐकलं, एवढं सांगायला.