गेनबाचा बसलेला घसा

वैजयंताबाई वर्गात लुटुपुटूचा बाजार मांडून पोरांना इंग्रजी बोलायला लावत. पोरं चुकत, हसत, पण बोलत. तपासणीला आलेले साहेब भडकले.

“हा बाजार बंद! चुकेल त्याला छडी, म्हणजे शिकतील.”

बाईंचा चेहरा उतरला. कुंपणापलीकडे गेनबा धनगर सगळं ऐकत होता.

साहेब निघाले, तर गाडीपुढं गेनबाची मेंढरं.

“हाक ती!”

“घसा बसलाय, साहेब. तुम्हीच हाळी द्या.”

साहेबांनी बरंच हुर्र हुर्र केलं. एक मेंढरू हललं नाही. गेनबानं काठी उचलली.

“चुकलात, साहेब. हात पुढं करा.”

“अरे, जन्मात पहिल्यांदा हाळी देतोय मी!”

“मग पोरं तरी इंग्रजी कुठं पोटातनं शिकून आल्यात?”

साहेब ओशाळले. फाटकाशी पोचवायला आलेल्या बाईंकडं वळले. “बाई, बाजार चालू ठेवा.”

गेनबाचा घसा लगेच सुटला. एका हाळीत रस्ता मोकळा झाला.