सगुणाचा महिना आणि ओंजळीची परी

खाडीचं पाणी उन्हात वाळून जिथे पांढरंशुभ्र मीठ होतं, त्या चिमुकल्या गावात सगुणा नावाची एक मुलगी राहायची. वय दहा वर्षं, पाठीवर दोन वेण्या आणि परकराला तीन ठिगळं: एक हिरवं, एक लाल, एक हळदीसारखं पिवळं. तिचे बाबा मिठागरात मिठाच्या पाट्या वाहायचे. एक तारखेला त्यांचा पगार व्हायचा. ते तो आईच्या हातात ठेवायचे आणि आई त्याच्या पाच पुरचुंड्या बांधायची. तांदळाची, तेल-मसाल्याची, घरभाड्याची, औषधपाण्याची आणि शेवटची अडीअडचणीची. पाचही रिकाम्या होईपर्यंत महिना कसाबसा संपायचा. कसा संपायचा, ते आईलाच ठाऊक.

पण त्या वर्षी मार्च महिना लागला आणि आई तापाने अंथरुणाला खिळली. वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी बघितली आणि पुड्यांचा एक डबा हातात दिला.

"ताप उतरेल, पण अंगात ताकदच उरलेली नाही," ते म्हणाले. "आजपासून महिना संपेपर्यंत रोज सकाळी एक पुडी, कोमट दुधातून. एकही दिवस चुकवू नका. खंड पडला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून."

दूध! सगुणाच्या घरी दूध यायचं ते सणासुदीला, तेही खिरीपुरतं.

बाबा उजाडायच्या आत कामावर जायचे आणि दिवस मावळताना यायचे. धाकटी कुसू तीन वर्षांची. मग राहिलं कोण? आईने सगुणाला जवळ बोलावलं. "बाळा, हा महिना तूच चालव. हात जरा आखडता ठेव, म्हणजे पुरेल."

सगुणाने पगार चटईवर मांडला. रोजच्या दुधाचं एक नाणं, अशी तीस नाणी तिने आधी वेगळी बांधली. उरलेल्या पैशांच्या पुरचुंड्या बांधल्या, तर त्या इतक्या लहान झाल्या की सगळ्या मिळून तिच्या एका मुठीत मावल्या.

तिसऱ्या दिवशी ती चुलीसाठी सुक्या झावळ्या गोळा करायला गावाबाहेरच्या जुन्या बागेत गेली. तिथे एका काजूच्या खोडाला डिंकाचा मोठा थेंब आला होता, मधासारखा सोनेरी. आणि त्या थेंबात काहीतरी निळं निळं फडफडत होतं.

"फुलपाखरू अडकलंय वाटतं!" म्हणत सगुणा वाकली. ते फुलपाखरू नव्हतं. ती होती अंगठ्याएवढी परी! तिचे पंख खंड्या पक्ष्यासारखे निळे होते, झगा जांभळाच्या रंगाचा होता आणि केसांत दवाचे टिपके चमचमत होते. एक पंख डिंकात चिकटून बसला होता.

सगुणाने प्यायला आणलेल्या पाण्यात परकराचं टोक भिजवलं आणि हलक्या हाताने डिंक पुसायला घेतला. ऊन चढलं, घसा कोरडा पडला, पाणी संपत आलं. पण पंख सुटला! परीने एक गिरकी घेतली आणि तिच्या तळहातावर येऊन बसली.

"तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन," परी म्हणाली. "या महिन्यापुरत्या."

"आई बरी होऊ दे!" सगुणा एका दमात म्हणाली.

परीचे पंख जरासे मिटले. "ते माझ्या हातात नाही गं. मी ओंजळीची परी. तुझ्या ओंजळीत मावेल तेवढंच मला देता येतं. पैसा देता येत नाही. आणि मागायच्या आधी घरात तीनदा बघून यायचं. घरातच काही निघालं, तर मागायचं नाही. नियम मोडलास तर इच्छा वाया जाईल."

सगुणाने मान डोलावली.

आठव्या दिवशी भाजी संपली. 'इच्छा मागावी का?' असं तिच्या मनात आलं. तिने घरात तीनदा बघितलं. डबे बघितले, फळ्या बघितल्या, तिसऱ्यांदा परसात गेली, तर तिथे शेवगा कोवळ्या पाल्याने हिरवागार झाला होता! आठवडाभर पाल्याची भाजी झाली.

पुढे तेल भराभर उतरायला लागलं. सगुणाने पुन्हा तीनदा बघितलं. अर्धं तेल तर दिवाच पितोय! त्या दिवसापासून बाबा आले की उजेड असतानाच जेवणं होऊ लागली. कुळथाची पिठी, भात, मिठाचा खडा. मिठाला मात्र त्या घरात कधीच तोटा नव्हता.

पंधराव्या दिवशी बाबांच्या वहाणेची वादी तुटली. मिठागरात अनवाणी उभं राहिलं की पाय चिरतात, आणि खाडा झाला की मजुरी कापतात. चांभारकाकांनी सांगितलेले पैसे कुठल्याच पुरचुंडीत नव्हते. सगुणाने तीनदा घर पालथं घातलं. काही नाही. मग ती बागेत धावली.

"परीताई, एक वादी आणि चार खिळे हवेत."

निळा उजेड चमकला आणि तिच्या ओंजळीत तांबूस, मऊ चामड्याची वादी पडली. बाबांनी घरीच वहाण ठोकली आणि सकाळी कामावर गेले.

विसाव्या दिवशी बाजार होता. हलवायाच्या कढईत केशरी जिलब्या तरंगत होत्या आणि कुसूने तिथे फतकल मारलं. "मला जिलबी!" घरी येईपर्यंत तिच्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं. सगुणाला ते बघवेना. जिलबी काय, ओंजळीत सहज मावेल! ती तडक बागेत गेली.

"घरात बघितलंस?" परीने विचारलं.

सगुणाने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "हो," ती म्हणाली.

ओंजळीत जिलबी आली, गरम, पाक गळणारी. पण बागेच्या फाटकापाशी पोचते न पोचते, तोच तिचं एक वाळकं पान झालं.

सगुणा रडत घरी आली. मग तिने फळीवरची बरणी काढली. तिच्या तळाशी गुळाचा चांगला मोठा खडा होता! सकाळचं उरलेलं खोबरं आणि तो गूळ तिने तव्यावर परतला. कुसूने बोटं चाटूनपुसून खाल्लं आणि जिलबी विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी सगुणा बागेत गेली. "परीताई, मी काल खोटं बोलले."

"ठाऊक आहे," परी म्हणाली आणि तिच्या खांद्यावर येऊन बसली. 

आता एकच इच्छा उरली होती. सगुणाने ठरवलं, ही शेवटच्या दिवसापर्यंत राखून ठेवायची.

शेजारी राहीकाकी राहायची, एकटीच. तिच्याकडे चांदी नावाची बकरी होती. चोविसाव्या दिवशी चांदी व्याली. दोन इवलीशी पिल्लं झाली, एक काळं, एक तपकिरी. पण चांदी काही उठेना. मान टाकून पडून राहिली.

"हिला ओवा आणि गूळ चारायला हवा," राहीकाकी म्हणाली. "पण महिनाअखेर आली, पोरी. माझ्या घरात चिमूटभर काही नाही."

सगुणाने घरी तीनदा बघितलं. बरणी रिकामी होती. ती उंबऱ्यावर बसून राहिली. अजून आठवडा जायचा होता. बाबांचं काही झालं तर? आईला काही लागलं तर? पलीकडून पिल्लं 'में में' करत होती, आणि त्यांना चाटायला चांदी मान उचलत नव्हती.

सगुणा उठली. थोड्या वेळाने ती परत आली, तेव्हा तिच्या ओंजळीत सोनेरी गूळ होता आणि वर ओवा. चांदीने हळूहळू सगळं चाटलं. तास-दोन तासांनी ती लटपटत उभी राहिली, आणि दोन्ही पिल्लांनी तिच्या पोटाखाली मुसंडी मारली.

तिसाव्या दिवशी सगुणाने शेवटचं नाणं गवळ्याला दिलं. पुडी काढायला डबा उघडला, तर ती काढूनही आत अजून एक पुडी उरत होती.

"आई, वैद्यबुवांनी एक जास्त दिली का गं?"

"जास्त कशी? मार्च एकतीस दिवसांचा असतो ना," आई म्हणाली.

सगुणाने तर दुधाची तीसच नाणी बांधली होती. पगार एक तारखेला. आणि उद्या एकतीस! तिने घर तीनदा धुंडाळलं, पुरचुंड्यांची फडकी झटकली. गवळीदादाला विचारलं, तर तो म्हणाला, "उधारी मला परवडत नाही गं पोरी. माझंही घर हातावरचंच." शेवटी ती बागेत गेली.

"तुझ्या तिन्ही इच्छा झाल्या, सगुणा," परी हळूच म्हणाली. "मला आता देता येणार नाही."

"ठाऊक आहे मला," सगुणा म्हणाली. "मी मागायला नाही आले. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून आले."

एकतिसाव्या सकाळी ती रिकामं भांडं घेऊन चुलीपाशी बसली होती. तेवढ्यात दारात राहीकाकी उभी! तिच्या हातात तांब्या होता आणि तांब्यावर पांढरा फेस.

"काल संध्याकाळी कुसू पिल्लांशी खेळता खेळता सांगत होती, 'उद्या आईला दूध नाही.' अगं, हाक मारायचीस की! पिल्लांचं पोट भरून उरलंय हे."

"काकी, पैसे उद्या…"

"पैसे? वेडी का तू? चांदी उठली ती कुणामुळे?"

आईने दूध आणि शेवटची पुडी घेतली. दुपारी ती उठून बसली. आणि ऊन कलताना, भिंतीला हात लावत लावत, ती चक्क अंगणात आली! कुसूने टाळ्या पिटल्या. सगुणा धावत सुटली, बागेत सांगायला.

"सगळा महिना तू घरच्यांचं नि दारच्यांचं बघितलंस," परी म्हणाली. तिचे पंख त्या दिवशी कधी नव्हे इतके चमकत होते. "जाता जाता आणखी एक इच्छा देते. ही बक्षिसाची. पण ओंजळीएवढीच हं!"

परीला खांद्यावर बसवून सगुणा घरी आली. सवयीने तिने तीनदा घर बघितलं. तांदूळ रात्रीपुरते होते, तेल दोन पळ्या होतं, भाडं दिलेलं होतं. महिना पुरला होता. मग ती आईच्या शेजारी पायरीवर बसली.

"आई, तुला काय हवंय?"

"मला?" आई हसली. "मला कोण विचारतं!" मग ती खाडीकडे बघत म्हणाली, "सुरंगीच्या घमघमत्या फुलांचा वळेसर माळावासा वाटतो गं. कितीतरी वर्षं माळला नाही. पैसे कमी पडले की मी आधी फुलंच सोडते."

 आईला फुलं आवडतात, हे सगुणाला ठाऊकच नव्हतं. तिने ओंजळ पुढे केली.

खांद्यावरून निळा, जांभळा, सोनेरी उजेड उसळला. अंगण क्षणभर लखलखलं, आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली. सगुणाच्या ओंजळीत पिवळ्या सुरंगीचा टपोरा वळेसर होता. तिने तो आईच्या केसांत माळला.

दिवस मावळताना बाबा आले. फाटकातच थांबले, नाक वर करून एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "आज आपल्या घरी सण आहे का गं?"