विश्राम आणि पोरकिड्यांचा प्रबंध

“शहाणी सून आणली. आता आपलं येडं झाकलं जाईल,” गोदाआत्या म्हणाल्या.

“हळू बोला, वन्सं,” सासूबाई म्हणाल्या.

हे बोलणं सुनेसाठी नव्हतं. पण सून दाराआड तांदूळ निवडत बसली होती आणि तिला दोन चांगले कान होते. तिने एक पोरकिडा चिमटीत उचलून ताटाच्या कडेला ठेवला.

तर नांदखेड नावाच्या गावात एक भोळा माणूस राहत होता. त्याचं नाव विश्राम. दाराआड बसलेली ही शर्वरी त्याची बायको. लग्नाला सव्वीस दिवस झाले होते.

विश्राम येडा नव्हता, हे शर्वरीला लग्नातच कळलं. भटजींनी त्याला ‘उभे राहा’ म्हटलं आणि ‘बसा’ म्हणायला विसरले. तो शेवटची पंगत उठेपर्यंत उभा होता. सांगितलं ते सगळं करायचा. मनापासून करायचा. अडचण एवढीच, की आज शिकवलेलं तो उद्या करायचा, आणि उद्या भलतंच काहीतरी समोर असायचं.

गावच्या टेकडीवर विद्यापीठ होतं. तिथल्या ग्रंथालयात प्रबंधांची एक खोली होती. विश्राम त्या खोलीत कामाला होता. मुलं चार-चार वर्षं खपून एकेक प्रबंध लिहायची, त्याला लाल पुठ्ठा बांधायची, पदवी घेऊन घरी जायची आणि प्रबंध त्या खोलीत यायचा. मग त्याच्याकडे कुणी फिरकायचं नाही. या विभागाचं त्या विभागाला ठाऊक नसायचं. गावातल्या एकाच बारवेवर तीन विभागांत तीन प्रबंध झाले होते, आणि तिघांनाही वाटत होतं की ती बारव आपणच शोधली.

विश्रामची नोकरी हंगामी होती. गुढीपाडव्याआधी बाहेरून एक समिती येणार होती. ती पार पडली की तो कायम होणार होता. नाही पडली, तर घरी.

“समजलं ना?” ग्रंथपाल चिटणीसबाई म्हणाल्या.

“समजलं,” विश्राम म्हणाला.

शर्वरीचाही एक प्रबंध होता. साठवणीच्या तांदळाला पोरकिडे का लागतात आणि लागले तर काय करावं, यावर एकशे चौसष्ट पानं. ती तो ट्रंकेतून सासरी घेऊन आली होती. सासूबाईंनी दोन्ही हातांनी तोलून पाहिला. “चांगला जड आहे हो,” त्या कौतुकाने म्हणाल्या, आणि तांदळाच्या डब्याचं झाकण सैल होतं त्यावर त्यांनी तो ठेवून दिला. वर उपाय होता. खाली पोरकिडे होते. मध्ये झाकण होतं.

एक दिवस चिटणीसबाईंनी विश्रामला बोलावलं. “हे बघ, एका विषयाचं संशोधन दुसऱ्या विषयात शिरलं पाहिजे, असं समितीचं म्हणणं आहे. हा बारवेचा प्रबंध घे आणि सगळ्या विभागांत वाट.”

“सगळ्यांना सारखा?”

“सारखा.”

पानं होती दोनशे चाळीस. विभाग बारा. विश्रामने पुठ्ठा काढला, वीस-वीस पानं मोजली आणि वाटून आला. रसायनशास्त्राला बारवेच्या पायऱ्या मिळाल्या. संस्कृतला पाणी मिळालं. कायद्याला नुसती संदर्भसूची मिळाली, आणि त्यांनी ती मन लावून वाचली म्हणे. पुठ्ठा उरला तो त्याने बाईंना दिला.

“विश्राम, हे काय केलंस रे!”

“वाटला, बाई. कुणाला एक पान जास्त गेलेलं नाही.”

संध्याकाळी भाजी निवडताना त्याने शर्वरीला सगळं सांगितलं. तिला हसू आलं, ते तिने मेथीत लपवलं.

“अहो, असं तोडून वाटायचं नसतं,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “आख्खं द्यायचं. पाळीपाळीने द्यायचं. सही घ्यायची आणि दिलं तसं परत आणायचं.”

विश्रामने ते तीन वेळा घोकलं. “कळलं,” म्हणाला. खरंच कळलं होतं त्याला.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क पोतनीस निवृत्त झाले. त्यांच्यासाठी मोठा केक आला होता. वर साखरेचे चार गुलाब.

“विश्राम, हा सगळ्या विभागांना दे बरं,” चिटणीसबाई म्हणाल्या.

विश्रामने आख्खा केक उचलला, बगलेत रजिस्टर मारलं आणि पदार्थविज्ञानात गेला. “इथे सही करा. पाळी अर्ध्या तासाची. मध्ये खुणा करायच्या नाहीत.” पदार्थविज्ञानवाले अर्धा तास केकभोवती उभे राहिले. मग तो केक गणितात गेला. गणितातून भूगोलात गेला. दिवस मावळायच्या बेताला बारा सह्यांनिशी तो परत आला. अर्थशास्त्रात एक गुलाब गहाळ झाला होता. तशी नोंद विश्रामने शेऱ्याच्या रकान्यात केली होती.

पोतनीस पस्तीस वर्षं नोकरी करून उपाशी घरी गेले.

संध्याकाळी गवार होती. “अहो, खायची वस्तू वेगळी,” शर्वरी म्हणाली. “ती ताजी असतानाच संपवायची. ठेवून द्यायची नाही. शिळी झाली, वास यायला लागला, की मागल्या दारी गाईला घालायची.”

विश्रामने तीन वेळा घोकलं. “कळलं,” म्हणाला.

सकाळी त्याने प्रबंधांची खोली उघडली. एकेक प्रबंध काढला आणि हुंगला. अलीकडच्यांना वास नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीच्यांना होता. एकोणीसशे अडुसष्टच्या एकाला तर फारच होता. वास येणारे सगळे त्याने मागल्या दारी नेऊन ठेवले आणि गाईला हाक मारली.

चिटणीसबाई धावत पोचल्या तोवर गाईने चाऱ्यावरच्या प्रबंधाची दोन प्रकरणं संपवली होती. तिसऱ्याला तिने तोंड लावलं नव्हतं.

“एवढ्या वर्षांत तो प्रबंध कुणी नीट तपासला असेल तर हिनेच,” माळी म्हणाला.

चिटणीसबाईंना हसू आलं नाही. त्यांनी उरलेले प्रबंध स्वतः पदराने पुसून आत नेले.

त्या संध्याकाळी शर्वरी जरा घाबरली. समितीला दहाच दिवस उरले होते. तिने वाल सोलता सोलता अगदी सावकाश समजावलं. “जुनं असेल ते टाकायचं नाही हो. जुनं तेच मोलाचं. त्याची धूळ झटकायची, त्यावर नंबराची चिठ्ठी लावायची आणि टेबलावर सगळ्यांना दिसेल असं पुढे मांडायचं.”

“जेवढं जुनं तेवढं पुढे?”

“तेवढं पुढे.”

“कळलं.”

सकाळी बर्वेसर पेपर वाचायला आले. बर्वेसर इतिहासाचे, निवृत्त होऊन तीस वर्षं झालेली, वय एक्याण्णव. विश्रामने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ग्रंथालयात त्यांच्याइतकं जुनं दुसरं काही नव्हतं. त्याने झटकणी आणली, सरांना पुढून-मागून झटकलं, कोटाला चिठ्ठी लावली आणि उचलून दारासमोरच्या टेबलावर बसवलं.

“काय रे, काय चालवलंयस?” सरांनी विचारलं.

“तुम्हाला मांडतोय, सर.”

“कुठल्या विषयात?”

“जुन्यात.”

सरांनी विचार केला. त्यांना ते पटलं. ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबलावर बसून होते. दोन मुलांनी त्यांच्या समोर बसून टिपणं काढली. तिसरा त्यांना घरी न्यायचं म्हणून रजिस्टर मागत होता, तेवढ्यात चिटणीसबाई आल्या.

“आता एकच चूक, विश्राम,” बाई सरांना उतरवून घेत म्हणाल्या. “एक चूक आणखी, आणि तू घरी. मग मला दोष देऊ नकोस.”

संध्याकाळी विश्रामने भाजीही निवडली नाही. मग म्हणाला, “मी सगळं तू सांगतेस तसंच करतो.”

“हो,” शर्वरी म्हणाली. “तसंच करता.” आणि पुढे म्हणाली, “जिवंत असेल त्याला टेबलावर बसवायचं नाही हो. जिवंताला मोकळं सोडायचं. त्याला जिकडे जायचं तिकडे जाऊ द्यायचं.”

त्याने घोकलं. तीन वेळा.

समितीच्या आदल्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट सांगितली. ही सांगायला तिला फार वेळ लागला. “माझाही एक प्रबंध आहे. तांदळाच्या डब्यावर. कुठे कोपऱ्यात ठेवता आला तर ठेवा. कुणी एकाने चाळला तरी पुरे.”

“आख्खा नेऊ? तोडायचं नाही ना?”

“आख्खाच न्या,” ती हसून म्हणाली. हसली ती चूक झाली. हसताना पुढचं सांगायचं राहून गेलं.

सकाळी विश्राम स्वयंपाकघरात गेला. प्रबंध झाकणावर होता. झाकण डब्यावर होतं. आख्खं न्यायचं होतं. त्याने डबा उचलून डोक्यावर घेतला आणि टेकडी चढला.

अकराला शर्वरी भात लावायला गेली. जमिनीवर डब्याचा गोल डाग तेवढा होता. ती चप्पल घालून जी निघाली, ती टेकडीवरच थांबली.

ग्रंथालयात सगळे प्रबंध टेबलांवर मांडलेले होते. समितीचे अध्यक्ष सफारीतले, भरल्या अंगाचे. त्यांच्यामागे बारा विभागांचे बारा प्रमुख, आणि एका खुर्चीत बर्वेसर. शर्वरी दारातच उभी राहून ऐकत होती.

“हे सगळं ठीक आहे,” अध्यक्ष म्हणत होते. “पण एका विषयातलं काही दुसऱ्या विषयात शिरलंय, असं एक तरी उदाहरण दाखवा मला. एक!”

चिटणीसबाईंनी प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुखांनी छताकडे पाहिलं.

कोपऱ्यात विश्राम डब्याचं झाकण उघडून आत पाहत होता. आत पोरकिडे होते. चालत होते. म्हणजे जिवंत होते. त्याने डबा उचलला आणि मधल्या लांब टेबलावर ओतला.

पोरकिडे मोकळे सुटले. त्यांना जिकडे जायचं तिकडे ते गेले. काही भूगोलात गेले. काही भाषाशास्त्रात चढले. एक मोठी रांग पदार्थविज्ञानातून गणितात उतरली. एकटा एक अध्यक्षांच्या बाहीवरून वर निघाला.

“शिरलं, साहेब,” विश्राम म्हणाला. “प्राणिशास्त्रातनं निघालं, आता कायद्यात आहे.”

शर्वरीने डोळे मिटले. झालं, ती मनात म्हणाली. गेली नोकरी.

मग जो गोंधळ झाला तो झाला. अध्यक्ष सफारीचा शर्ट झटकत ओरडले, “अहो, बारा विभाग आहेत तुमच्याकडे! यावर उपाय कुणाला ठाऊक आहे का?”

कुणालाच नव्हता.

“झाकणावर लिहिलाय,” विश्राम म्हणाला, आणि त्याने लाल पुठ्ठ्याचा प्रबंध बर्वेसरांच्या हातात दिला.

सरांनी चष्मा पुसला. अनुक्रमणिका पाहिली. पान एकशे बारा काढलं आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं: “‘दमट अंधारात झाकून ठेवलेल्या साठ्यात कीड वाढते. साठा उघडून कडक उन्हात पसरावा आणि वरचेवर वरखाली करावा.’ छान लिहिलंय. सोपं लिहिलंय.”

विश्रामने पहिला गठ्ठा उचलला. दुसरा चिटणीसबाईंनी उचलला. मग बारा प्रमुखांनी आणि शेवटी समितीनेही उचलले. अंगणभर सतरंज्या पडल्या आणि सगळं विद्यापीठ फाल्गुनाच्या उन्हात प्रबंध वरखाली करत बसलं. पान उलटायचं, पोरकिडा झटकायचा, पुढचं पान उलटायचं. उलटता उलटता माणसाची नजर जातेच. कायद्याचे प्रमुख मातीवरचा प्रबंध वाचायला लागले ते उठेनात. बारवेवर लिहिणाऱ्यांपैकी दोघे आता तिथेच शिकवत होते. ते एकमेकांच्या शेजारी बसले होते. एकाने दुसऱ्याच्या मांडीवर तीच बारव पाहिली. त्यांचं भांडण उन्हं उतरेपर्यंत चाललं, आणि उठताना त्यांनी उद्याचीही वेळ ठरवली.

शर्वरी लिंबाच्या झाडाखाली उभी होती. तिच्या प्रबंधाभोवती पाच जण वाकले होते.

“ही शर्वरी कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

“माझी,” विश्राम म्हणाला. “लग्नाला बेचाळीस दिवस झाले.”

अध्यक्षांनी अहवालात लिहिलं, ‘असे समितीने इतरत्र कोठेही पाहिले नाही.’ चिटणीसबाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत विश्रामला कायम करण्याच्या कागदावर विद्यापीठाच्या मोठ्या साहेबांची सही घेतली.

दोघं घरी आले. तिच्या हातात प्रबंध, त्याच्या डोक्यावर रिकामा डबा. बातमी त्यांच्याआधी पोचली होती. स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गोदाआत्या कानावरून शाल लपेटून पाटावर बसल्या होत्या.

“नोकरी राहिली म्हणा,” त्या म्हणत होत्या, “पण गावभर झालं ना! डबा काय, किडे काय, सगळं चव्हाट्यावर. शहाणी आणून उपयोग काय? झाकायला येतंय कुठे तिला?”

“हळू, वन्सं. आली ती,” सासूबाई म्हणाल्या. गडबडीत त्यांनी विश्रामकडून डबा घेतला, झाकण लावलं आणि सवयीने प्रबंधाला हात घातला.

शर्वरीने प्रबंध सोडला नाही.

“राहू द्या, सासूबाई,” ती म्हणाली. “झाकायला नाही तो. मीही नाही. अंधारात झाकून ठेवलं की बिघडतं. उघडं करून ऊन दाखवलं की बरं होतं. पान एकशे बारा.”

बेचाळीस दिवसांत तिचं एवढं लांब बोलणं त्या घराने ऐकलं नव्हतं. सासूबाईंचा हात प्रबंधावरच राहिला. गोदाआत्यांनी शाल आणखी घट्ट केली.

विश्रामने मात्र ते नीट ऐकलं होतं. तीन वेळा घोकलंही होतं. “कळलं,” तो म्हणाला. अंधारातल्या, शालीत झाकलेल्या गोदाआत्यांना त्याने पाटासकट उचललं आणि अंगणाकडे चालू लागला.

तेव्हा शर्वरी ओरडली. आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली:

“अहो, तांदूळ! तांदळाचं सांगितलं मी! आत्याबाईंना खाली ठेवा आधी! आणि वरखाली तर मुळीच करू नका!”