लडी धरणारे हात

एकदा एका तांबटाने हातातला हातोडा खाली ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही. त्याची सात वर्षांची मुलगी, वेणू, तापाने गेली होती. त्या दिवशी सकाळीच बायको म्हणाली होती, वैद्यांकडे नेऊ या. तो म्हणाला होता, संध्याकाळपर्यंत पाहू. संध्याकाळी न्यायला कोणी उरले नव्हते.

या गोष्टीला नऊ महिने झाले. बायकोने त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि नेमके तेच त्याला सोसवेना. शिवाय एक अडचण होती, बाहेरच्या माणसाला सांगताही येणार नाही अशी. बायकोला नावाने हाक मारण्याची त्यांच्याकडे रीत नव्हती. इतकी वर्षे तो तिला ‘वेणूची आई’ म्हणत आला. आता ते तोंडातून निघेना आणि दुसरे काही सुचेना, म्हणून त्याने हाक मारणेच सोडले. ती ताट वाढून ठेवी, तो जेवून उठे. येत्या अमावास्येनंतर घर तिच्या स्वाधीन करून कुठेतरी निघून जायचे, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

दुःखावर तोडगा सांगणारी माणसे गल्लोगल्ली भेटतात. ती सगळी भेटून झाल्यावर कोणीतरी त्याला गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका वृद्धाकडे पाठवले. हा वृद्ध लोकरीचे विणकाम शिकवीत असे. रोज दुपारी त्याच्या ओसरीवर दहा-बारा माणसे सुया घेऊन बसत. त्यांत नवरा गेलेल्या बायका होत्या, मुलांनी टाकलेला एक म्हातारा होता, आणि काही जण नुसतेच एकटे होते. विणता विणता ती बोलत, नाहीतर गप्प बसत. थंडी पडू लागली की त्यांनी विणलेल्या कानटोप्या गावातल्या पोरांच्या डोक्यावर दिसत.

तांबट म्हणाला, “बाबा, मला विणायला शिकवा. कुठेही एकटं बसून करता येईल असं काहीतरी हाताला हवं आहे.”

वृद्धाने त्याच्याकडे नीट पाहिले. टोपलीत लोकरीचे तयार गुंडे होते. ते बाजूला सारून त्याने तळाची एक लडी, म्हणजे न गुंडाळलेल्या धाग्याचे सैल वेढे, काढून दिली. “आधी हिचा गुंडा करून आण.”

तांबटाने घरी लडी आपल्या गुडघ्यांवर अडकवली, ती घसरली. खुर्चीच्या पाठीला अडकवली, तर धागा ओढताच गाठी पडल्या. दोन दिवसांनी तो गुंता घेऊन आला. वृद्धाने गुंता ठेवून घेतला आणि दुसरी लडी दिली. तिचेही तेच झाले. तिसऱ्या खेपेला पुन्हा लडीच हातात आली, तेव्हा मात्र तांबट चिडला.

“एक तयार गुंडा दिलात तर तुमचं काय जातं? नाहीतर तुम्ही तरी धरा ही लडी.”

वृद्धाने मांडीवरचे हात हलवले नाहीत. ओसरीवरची एक बाई मदतीला उठू लागली, तिलाही त्याने खुणेने खाली बसवले. “तुझ्या घरात आणखी दोन हात आहेत,” एवढेच तो म्हणाला. तांबटाला हा म्हातारा निष्ठुर वाटला. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मलाही तसेच वाटले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको तांदूळ निवडत बसली होती. तांबट लडी घेऊन बराच वेळ उंबऱ्याशी उभा राहिला. त्याने घसा खाकरून पाहिला, पण तिने मान वर केली नाही. शेवटी त्याने हाक मारली.

“वेणूची आई.”

तिचा हात तांदळातच थांबला. नऊ महिन्यांत त्या घरात ते नाव कोणी उच्चारले नव्हते.

“जरा ही लडी धरतेस?”

ती समोर येऊन बसली. तिच्या दोन्ही हातांवर लडी घालून तो धागा गुंडाळू लागला. धागा डावीकडून सुटू लागला की ती डावा हात झुकवी, उजवीकडून सुटू लागला की उजवा. एकही गाठ पडली नाही. अर्धी लडी संपली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. हात अडकलेले, त्यामुळे तिला पदर लावता येईना की तोंड लपवता येईना.

“मी सकाळीच म्हणत होते,” ती म्हणाली.

“हो. म्हणत होतीस. मी ऐकलं नाही.”

तिने लडी टाकली नाही. त्याने उपरण्याच्या टोकाने तिचे डोळे पुसले आणि पुन्हा गुंडाळायला घेतले.

गुंडा वृद्धापुढे ठेवून तांबट म्हणाला, “बाबा, हलकं काही झालं नाही. उलट जास्तच दुखलं.”

“दुखणारच,” वृद्ध म्हणाला. “गेलेलं लेकरू लोकरीने परत येत नाही आणि तुझी चूकही पुसली जाणार नाही. खोटं सांगून मी काय मिळवू? पण त्या दिवशी तुला तयार गुंडा दिला असता, तर तो घेऊन तू गाव सोडला असतास. खुर्ची लडी धरते, पण धाग्याबरोबर झुकत नाही. मी झुकलो असतो, पण वेणू माझी नव्हती.”

तांबटाने गुंडा हातात फिरवून पाहिला. मग म्हणाला, “आता मी विणू काय? जिच्यासाठी विणावं, ती तर नाही.”

 वृद्धाने सुया पुढे केल्या. “टाके घाल. वीस घाल आधी.”

अमावास्या आली आणि गेली. तांबट गावातच राहिला. हातोडा त्याने अजून उचललेला नाही, घरात बोलणेही फारसे होत नाही. नवी लडी आणली की तो उंबऱ्याशी उभा राहून तीच हाक मारतो. दर वेळी ते नाव दोघांच्याही जिव्हारी लागते. मग ती हातातले काम ठेवते, समोर येऊन बसते आणि दोन्ही हात पुढे करते.