सोळावा ठोका

इंग्लंडात एकदा एक कोवळा राजा वारला आणि गादीवर हक्क सांगायला दोघीजणी पुढे आल्या. एक जुन्या पंथाची, दुसरी नव्या पंथाची. देव एकच, ख्रिस्तही एकच. पण प्रार्थना लॅटिनमध्ये करावी की इंग्रजीत, यावरून माणसे एकमेकांच्या जिवावर उठली होती. शहाणपण तेव्हा रजेवर गेले होते म्हणा ना!

ही बातमी एका लहान गावात पोहोचली, त्या सकाळी चर्चच्या अंगणात दोन जमाव समोरासमोर आले. दोघांची मागणी एकच: आमच्या राणीच्या नावाने घंटा वाजवा! वृद्ध धर्मगुरू दारात उभे होते. त्यांचा तरुण शिष्य नव्या पंथाचा, आणि त्याचा सख्खा थोरला भाऊ जुन्या पंथाच्या जमावात कुऱ्हाड घेऊन उभा.

शिष्य म्हणाला, "गुरुजी, एकीसाठी घंटा वाजवलीत तर दुसरीची माणसे तुटून पडतील. माझा भाऊ आज मरेल, नाहीतर कुणाला तरी मारेल."

गुरू वळून मनोऱ्यात गेले. त्यांनी स्वतः दोर ओढला. एक ठोका. बऱ्याच वेळाने दुसरा.

ती आनंदाची घंटा नव्हती. गावात कोणी वारले की त्याच्या वयाइतके ठोके द्यायचे आणि ते ऐकताना टोपी काढून स्तब्ध उभे राहायचे, ही रीत दोन्ही पंथांनी अजून सोडली नव्हती. अंगणातल्या सगळ्या टोप्या उतरल्या. लोक सवयीने ठोके मोजू लागले. पंधरा झाले. माणसे सोळाव्याची वाट पाहत राहिली. तो आलाच नाही. एवढ्या माणसांची एवढी शांतता त्या गावाने कधी ऐकली नव्हती.

"एवढाच होता राजा?" शिष्याचा भाऊ पुटपुटला.

मनोऱ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या शिष्याने विचारले, "गुरुजी, हे काय घडले?"

गुरू म्हणाले, "बाळा, गादी कुणाची ते मला कळत नाही. पण घरात प्रेत असताना वाटण्या करायच्या नसतात, एवढे कळते. सगळे राणीच्या नावाने ओरडत होते, आणि एक पोरगा गेला याची कुणाला हळहळ नव्हती. त्याच्यासाठी रडायला कोणताच पंथ आड येत नव्हता, रे. कुणीतरी आठवण करून द्यायला हवी होती."

शिष्य अंगणात जाऊन भावाशेजारी उभा राहिला. भावाने डोळे पुसले आणि कुऱ्हाड मुकाट्याने त्याच्या हाती दिली. राणी कोण, ते पुढे राजधानीत ठरले; त्या अंगणात मात्र कुणाला ओरखडाही उठला नाही.

वारशावरून भांडायला बसण्यापूर्वी आपणही गेलेल्या माणसाचे वय एकदा मनात मोजून पाहावे.